वरच्या मळ्यावरचा धूर

खिंडीपलीकडे धूर दिसला तेव्हा एल्विरा खरबूज कापत होती. पहिल्यांदा तिने त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ऑगस्टच्या उन्हात स्पेनमधल्या या ग्रेदोसच्या डोंगरांत कुठे ना कुठे धूर असतोच. कुणीतरी विझवतं आणि संध्याकाळपर्यंत चौकातल्या बाकांवर त्याच्या गप्पाही शिळ्या होतात. तिचा धाकटा भाऊ लासारो सकाळीच खेचर घेऊन वरच्या मळ्यात गेला होता. त्याच्या वाटणीचं टोमॅटोचं गार सार तिने झाकून ठेवलं आणि खरबुजाच्या फोडी जाळीच्या कपाटात सारल्या.

मग वारा फिरला. अंगणातल्या दोरीवरून चादरी काढायला ती बाहेर आली, तर पांढऱ्या चादरीवर राखेचे कण पडलेले. तिने वर पाहिलं. धूर आता पांढरा राहिला नव्हता. काळ्यात मिसळलेला पिवळट रंग, आणि त्याच्या बुडाशी खिंडीच्या अलीकडे काहीतरी लाल हलत होतं. वरचा मळा त्याच अंगाला होता.

मळा कसला, डोंगराच्या उतारावर चिकटलेला दगडवाळूचा एक तुकडा. नावासेरेसा गावापासून पायवाटेने तास-सव्वा तास चढून जावं लागे. उंची अकराशे मीटरच्या वर. तिथे ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून अजून खेचराचाच नांगर चाले. पणज्याने लावलेल्या गार्नाचा जातीच्या काळ्या द्राक्षांच्या वेली तिथे ना मांडव ना तार अशा एकेकट्या उभ्या होत्या. खोडं मांडीएवढी जाड, पिळवटलेली, आणि एका वेलीला मोजके घड. खालच्या गावांत वेली मार्चअखेरीला फुटत, इथे एप्रिल संपत आला तरी डोळे मिटलेले. खाली तोडणी संपून लोक पिंपं धुऊन ठेवत, तेव्हा इथल्या मण्यांत नुकती साखर भरत असे. त्यामुळे ऑक्टोबर आला की एल्विराची झोप उडे. पाऊस येईल का, रानडुकरं येतील का, थंडी आधी पडेल का. बापाच्या वेळेपासून हेच. गेल्या काही वर्षांत मात्र शहरातल्या लोकांना डोंगरावरच्या जुन्या वेलींच्या वाइनचं वेड लागलं होतं, आणि खालच्या गावात छोटं तळघर चालवणारी आइनोआ त्यांची सगळी द्राक्षं घेऊन जाई. उत्तरेकडची पोर, बिल्बाओची. बोलायला फटकळ, पण मालाला न्याय देणारी.

एल्विराने लासारोला फोन लावला. लागला नाही. वर कधीच लागत नसे, तरी तिने पुन्हा पुन्हा लावला.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून गाव रिकामं करायचा हुकूम आला. चौकात बस उभी राहिली. म्हातारी माणसं हातात औषधांच्या पिशव्या आणि पिंजऱ्यातली कॅनरी घेऊन चढू लागली. वर जाणारा रस्ता पोलिसांच्या गार्डांनी अडवला होता. तिथे एक तरुण गार्डबाई उभी होती.

"माझा भाऊ वर आहे," एल्विरा म्हणाली.

"नाव सांगा, मी कळवते."

"नाव कळवून तो खाली येणार आहे का? मला जाऊ द्या."

"बाई, तुम्हाला सोडलं तर मला दोन माणसं शोधावी लागतील. नाव सांगा."

तिने नाव सांगितलं. मळ्याचं नावही सांगितलं, ला उंब्रिया. वाटेवरच्या खुणा सांगितल्या. पोरीने सगळं बिनतारी यंत्रावर कळवलं, पलीकडून खरखर आली आणि कुणीतरी "बरं" म्हणालं. त्या "बरं"ने एल्विराचं समाधान होईना. ती गर्दीत मिसळली आणि चर्चच्या मागून निघणाऱ्या जुन्या पायवाटेला लागली. शेवटच्या कुंपणापाशी पोचली न पोचली तोच समोरच्या कड्यावरचं पाइनचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एका दमात पेटलं. आवाज असा, की कुणी मोठं कापड टरकावतंय. तिचे पाय पुढे पडेनात. ती वळली आणि पळत बसपाशी आली. आपण वळलो ही गोष्ट मग दिवसभर तिच्या मनातून गेली नाही.

बसमध्ये एकच जागा उरली होती, कास्तोकाकाशेजारची.

त्याच्याशी ती गेलं वर्षभर बोलत नव्हती. कास्तोकाकाची जमीन त्यांच्या मळ्याला लागून, पश्चिमेच्या अंगाला. गुडघे गेल्यापासून तो वर चढला नव्हता. वेली झुडपांत बुडाल्या, रेतामाची झुडपं माणसाच्या उंचीची माजली. "काका, ते रान साफ करा, नाहीतर एक दिवस पेटेल," एल्विराने दर वसंतात सांगून पाहिलं. लासारो तर फुकट करून देतो म्हणाला होता. "माझ्या जमिनीत अजून परक्याचा कोयता लागलेला नाही," असं म्हणून म्हाताऱ्याने दार लावून घेतलं होतं.

बस निघाली. कास्तोकाका गुडघ्यावर टोपी ठेवून समोर बघत होता.

"लासारो कुठाय?" त्याने विचारलं.

"वर."

तालुक्याचं गाव येईपर्यंत तो टोपी हातात फिरवत राहिला.

तिथल्या शाळेच्या व्यायामशाळेत खाटा मांडल्या होत्या. कुणीतरी बटाट्याचं ऑम्लेट घातलेले पाव वाटले. एल्विराने पाव हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. दर थोड्या वेळाने ती दारातल्या गार्डाकडे जाई आणि परत येई. "अजून काही नाही." "वारा जोराचा आहे, हेलिकॉप्टर उतरू शकत नाही." "अजून काही नाही, बाई."

ती परत आली तेव्हा कास्तोकाका तिच्या खाटेच्या कडेला बसला होता.

"आग माझ्या जमिनीतून येईल," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"तू सांगितलं होतंस."

"मग आता काय करू? तुम्हाला शाबासकी देऊ?" तिचा आवाज चढला. बाजूच्या खाटांवरच्या बायका वळून पाहू लागल्या. "गुडघे दुखतात म्हणून सांगितलं असतं तर कोण हसलं असतं तुम्हाला? सांगितलं असतं तर दोन दिवसांत साफ करून दिलं असतं आम्ही. पण नाही. मिजास!"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. एल्विराला त्याची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. ती उठून बाहेर अंगणात गेली.

फोन उजाडल्यावर आला. अनोळखी नंबर होता.

"एल्वी?" आवाज ओळखू येत नव्हता, चाळणीतून दगड घोळवल्यासारखा. "मीच आहे. हा फोन आग विझवणाऱ्यांपैकी एका पोराचा आहे. रडू नकोस, त्याचे पैसे जातायत."

ती रडतच होती.

लासारोला पुढे ही गोष्ट अनेकांना सांगावी लागली आणि दर वेळी त्यात खेचराचं काम वाढत गेलं. घडलं ते असं. आग खिंडीतून आली आणि खालची वाट बंद झाली. त्याने खेचराला मळ्याच्या मधोमध नेलं, त्याच्या डोळ्यांवर सदरा बांधला आणि कॅनमधल्या पाण्याने पोती भिजवून एक त्याच्या पाठीवर टाकलं, एक स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मग आग कास्तोकाकाच्या रानात शिरली. "रेतामा पेटली ना, तेव्हा तोफा उडवल्यासारखे आवाज. मी म्हटलं संपलं. देवाचं नाव घेतलं, मग आईचं घेतलं, मग तुझं. खेचर माझ्यावर लाथा झाडत होतं, त्यामुळे कुणाचंच नीट घेता आलं नाही." पण मळ्यात जळायला काही नव्हतं. जूनपर्यंत नांगरून, खुरपून उघडी केलेली दगडवाळू, दोन वेलींमध्ये माणूस आडवा झोपेल एवढी जागा, आणि मुळं इतकी खोल की कडक उन्हाळ्यातही पानं हिरवीगार. पश्चिमेच्या कडेच्या दोन ओळी भाजल्या. तिथून पुढे आगीला धरायला काही मिळालं नाही. ती कडेकडेने वर सरकली आणि माथ्यावर जाऊन खडकांत संपली. लासारो पोत्याखाली पालथा पडून वाळूतून श्वास घेत राहिला.

लोकांना घरी सोडलं त्या दिवशी एल्विरा वर गेली. सगळा डोंगर काळाठिक्कर, आणि त्यात तो एकच हिरवा तुकडा. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिने एक पान तोडून नाकाशी धरलं, तर पानाला धुराचा वास. घड नाकाशी धरला, त्यालाही धुराचा.

आइनोआ दोन दिवसांनी आली. तिचे स्वतःचे खालचे मळे जळले नव्हते, पण धूर त्यांच्यावर आठवडाभर साचून राहिला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"वासावर जाऊ नका," ती म्हणाली. "बाहेरचा वास पावसाने जातो. खरी गोम आत असते. सालीतून धूर आत शिरतो आणि साखरेला चिकटून लपून बसतो. द्राक्षं खाल्ली तरी कळत नाही. रस आंबला की मग बाहेर येतो. मी माझे थोडे घड खुडून बरणीत आंबवून पाहिलेत."

"आणि?"

"सिगारेटची थोटकं भिजत घातल्यासारखं लागतं."

लासारो खोकत होता. खोकता खोकता त्याने विचारलं, "मग आमचंही तसंच म्हणायचं?"

"ते सांगता येत नाही. माझ्या मण्यांत पाणी उतरलं होतं, रंग भरला होता. अशा मण्यात धूर पटकन शिरतो. तुमचे तेव्हा वाटाण्यासारखे टणक, हिरवे होते. इथे सगळंच उशिरा. हिरव्या मण्यात कमी शिरतो." ती थांबली. "कमी. शिरतच नाही, असं मी म्हणत नाहीये. तोडणीआधी आपण बरणी लावू. तोवर वाट पाहा."

एल्विराला वाट पाहायची सवय होती. पण आजवर ती आभाळाकडे बघत वाट पाहायची, या वेळी बघायला काहीच नव्हतं. सप्टेंबरात मण्यांत पाणी उतरलं, हिरव्याचे जांभळे झाले. घड दरवर्षीसारखेच दिसत होते, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. तिला जिथे तिथे धुराचा वास येऊ लागला. पावाला धूर, उशीच्या अभ्र्याला धूर, कॉफीलाही. ती लासारोला विचारी, "तुला येतोय का रे वास?" तो हुंगल्यासारखं करी आणि म्हणे, "छे, काही नाही." त्याच्या नाकावर तिचा लहानपणापासून विश्वास. बाप जिवंत असताना पिंप उघडलं की पहिली वाटी लासारोच्या हातात जायची. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटे.

त्याचा खोकला मात्र कमी होईना. पायऱ्या चढताना तो मध्येच थांबे आणि काहीतरी बघायला थांबल्याचं सोंग करी. आपल्याच घराच्या रोजच्या पायऱ्या, बघण्यासारखं त्यात काय असणार?

"डॉक्टरकडे चल."

"तोडणी होऊ दे."

"तोडणी ऑक्टोबरात आहे. तोवर फुप्फुसं बाहेर येतील."

"आली तर तूच धू आणि वाळत घाल. आता गप्प बस."

एके सकाळी दार वाजलं. कास्तोकाका काठी टेकत उभा होता, अंगात रविवारचा कोट. आगीनंतर तो पहिल्यांदाच त्यांच्या उंबऱ्याशी आला होता. एल्विराकडे न बघता त्याने लासारोला हाक मारली.

"मला गुडघे दाखवायला तालावेराच्या इस्पितळात जायचंय. एकट्याला बस झेपत नाही. येशील?"

लासारोला नाही म्हणता येईना. म्हाताऱ्याने आजवर कुणाकडे काही मागितलंच नव्हतं. दोघे गेले आणि संध्याकाळी परतले. लासारोचा चेहरा रागाने लाल.

"तुझा हा कास्तोकाका लबाड आहे. तिथे गेल्यावर कळलं, पहिलं नाव माझंच लिहिलेलं! मी निघालो तर काठी आडवी घातली. म्हणतो, तू आत गेलास तरच मी गुडघे दाखवीन. तू सांगितलंस ना त्याला?"

"मी तर त्याच्याशी बोलतही नाही," एल्विरा म्हणाली, आणि ते खरं होतं. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो अंगणातल्या खुर्चीवर दम खात बसला होता.

"काका, आत या. सूप आहे."

"कसलं?"

"लसणाचं. नको असेल तर बसा तिथेच."

तो आत आला.

इस्पितळात सांगितलं ते असं, की श्वासनळ्या आतून भाजल्यासारख्या सुजल्या आहेत, औषध ओढायचं, धुळीत जायचं नाही, ओझं उचलायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. पूर्ण बरं होईल का, यावर डॉक्टरांनी "बहुतेक" असा शब्द वापरला. एल्विराने तो शब्द किती वेळा मनात उलटापालटा करून पाहिला याला गणती नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आइनोआ वर चढून आली. भाजलेल्या ओळींपासून दूरचे घड तिने वेगळे खुडले, जवळचे वेगळे, आणि दोन्ही बरण्या आपल्या तळघरात आंबायला ठेवल्या. ते दिवस एल्विराने घर घासून काढण्यात घालवले. धुतलेले पडदे पुन्हा धुतले. आभाळ पश्चिमेकडून भरून येत होतं, रेडिओवर पावसाचा इशारा होता, आणि निकालाआधी तोडावं तर सगळी मेहनत फुकट जाण्याची भीती, थांबावं तर पावसात घड कुजण्याची.

आइनोआ बरण्या घेऊन आली तेव्हा कास्तोकाकाही स्वयंपाकघरात बसला होता. तिने आधी जवळच्या ओळींची बरणी उघडली. एल्विराने पेला नाकाशी नेला आणि तिला विझलेल्या चुलीचा वास आला. या वेळी तो मनाचा खेळ नव्हता.

"ही गेली," आइनोआ म्हणाली. "हे घड सोडून द्यायचे." मग तिने दुसरी ओतली आणि पेला पुढे केला.

एल्विराने हुंगलं, एक घोट घेतला. चेरी वाटली, रानातल्या कसल्याशा पाल्याची चव, शेवटी ओला दगड. की धूर? दगड की धूर? तिला स्वतःचा भरवसा वाटेना. तिने पेला लासारोकडे दिला.

"तू सांग."

त्याने नाक घातलं, एक घोट घेतला, लगेच म्हणाला, "छान आहे. स्वच्छ."

तो फारच लवकर बोलला होता. एल्विराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग टेबलावरचा पहिला पेला, चुलीच्या वासाचा, उचलून त्याच्या हातात दिला. "आणि हा?"

त्याने हुंगला. "हाही तोच ना? स्वच्छ."

लासारोने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेला हळूच खाली ठेवला.

"कधीपासून?" एल्विराने विचारलं.

"आगीपासून," तो म्हणाला. "वास येतच नाही. कशाचाच. तुला सांगून काय झालं असतं? तू आधीच भिंतींना हुंगत फिरत होतीस."

ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्याला ते अवघड झालं असावं, तो खोकला. कास्तोकाकाने दुसरा पेला ओढून घेतला, संपवला आणि म्हणाला, "मला तरी यात वाइनच लागतेय."

"मलाही," आइनोआ म्हणाली. "प्रयोगशाळेतही नमुना दिलाय, तिथूनही तेच आलं. पण आताच सांगून ठेवते, पिंपात काही महिन्यांनी धूर वर येऊ शकतो. हमी वसंतापर्यंत देणार नाही."

"वसंतापर्यंत!" एल्विरा हसली, आणि ते हसू रडण्याच्या इतकं जवळचं होतं की आइनोआने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

दुसऱ्या दिवशी तोडणी सुरू झाली. पाऊस यायच्या आत उरकायची म्हणून गावातून मिळेल तो माणूस वर आला. लासारोला ओझं उचलायची बंदी, म्हणून तो दगडावर बसून सगळ्यांना ओरडत राहिला, दम लागेपर्यंत. कास्तोकाकाला खेचरावर बसवून आणलं होतं. तो आपल्या जळक्या जमिनीच्या कडेला उभा राहिला. रेतामा जळून गेल्यावर तिच्यात बुडालेल्या त्याच्या वेली उघड्या पडल्या होत्या, कोळशासारख्या काळ्या. त्याने काठीने एक खोड टोकरून पाहिलं. मग एल्विराला म्हणाला, "हिवाळ्यात कोयता घेऊन ये. काय वाचतंय बघू."

त्या हिवाळ्यात छाटणी एल्विराने केली. आयुष्यभर ती मोळ्या बांधत आली होती, कात्री भावाच्या हातात असायची. आता कुठला डोळा ठेवायचा आणि कुठली काडी काढायची, या विचाराने दर वेलीपुढे तिचे हात आखडत. रोज रात्री जेवताना ती लासारोला विचारी आणि तो टेबलावर सुरीने रेघा ओढून सांगे. भाजलेल्या वेली तिने जमिनीलगत कापल्या. कापताना आतलं लाकूड काही ठिकाणी ओलसर दिसलं, काही ठिकाणी नाही.

मार्च संपता संपता आइनोआचा फोन आला. पिंपात धूर नव्हता. तिचं स्वतःचं त्या वर्षीचं सगळं भट्टीला, म्हणजे दारू गाळायला गेलं होतं, हे तिने सर्वांत शेवटी आणि अगदी सहज सांगितलं. फोन ठेवल्यावर एल्विराने पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. इतके महिने धरून ठेवलेली भीती सोडायची कशी, ते तिला कळेना.

लासारोला त्याआधी थोडाथोडा वास येऊ लागला होता. कधी संत्र्याचा, कधी साबणाचा, तर कधी दिवसच्या दिवस काहीच नाही. डॉक्टर अजूनही "बहुतेक"च म्हणत होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात दोघं वर गेली, मध्ये तीनदा बसून. हिरव्या ओळींतले डोळे नुकते फुटले होते, लोकरीसारखे. भाजलेल्या ओळींत काही खोडांच्या बुडातून फुटवे आले होते, आणि बरेच कापलेले बुंधे तसेच काळे राहिले होते. कास्तोकाकाच्या तुकड्यातही एक-दोन जागी हिरवं दिसत होतं. लासारो गुडघ्यांवर बसून एका फुटव्याभोवतीची वाळू हातांनी सैल करू लागला.

"आभाळ निरभ्र आहे," एल्विरा वर बघत म्हणाली. "वाराही पडलाय. उद्या पहाटे हिव पडणार बघ, या कोवळ्या डोळ्यांवर."

"पडेल," लासारो म्हणाला. "नाहीतर नाही पडणार. ती खुरपी दे इकडे."

तिने त्याला खुरपी दिली आणि पुढच्या वेलीकडे गेली.